शरभाचा गळा का उसवला? तीस कापडी बाहुल्यांच्या एका ऑर्डरचं प्रकरण

तीस शरभ (किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला असतो तो सिंहासारखा प्राणी), प्रत्येकी १२ सेंटीमीटर उंच, बाहेरून खण आणि आत फायबर. मुंजीला येणाऱ्या मुलांच्या हातात द्यायला. ऑर्डर एवढीच होती. त्यांतले ११ गळ्यात उसवले. का उसवले ते कळायला मला दोन दिवस लागले, आणि त्यातला पहिला दिवस मी भलतीकडेच शोधत होते. कापडाचे बारके प्राणी घरी शिवणाऱ्या कोणावरही ही वेळ येऊ शकते, म्हणून जसं घडलं तसं लिहून काढते.

मी पुण्यात राहते. आधी ब्लाउज आणि फॉल-पिको करायचे. गेली पाचेक वर्षं कापडी प्राणी शिवते. तेही कथा-पुराणांतले नाहीतर दगडात कोरलेले: मकर, व्याळ, दोन डोक्यांचा गंडभेरुंड. ससे आणि हत्ती बाजारात पोत्याने मिळतात, त्यांच्यापुढे माझा काय निभाव लागणार? गंडभेरुंड मात्र घरी कोणी शिवत नाही, आणि कर्नाटकातल्या लोकांना तर तो राज्याच्या बोधचिन्हातला म्हणून लगेच ओळखू येतो. माझं गिऱ्हाईक हे असं, तुरळक पण हौशी.

ही ऑर्डर साताऱ्याहून आली. मुलाला किल्ल्यांचं वेड, म्हणून आईला त्याच्या मुंजीत शरभ वाटायचे होते.

आठ पायांचा हट्ट

ज्यांनी गड फारसे पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. महाराष्ट्रात कितीतरी किल्ल्यांच्या दरवाजांवर सिंहासारखा एक प्राणी कोरलेला दिसतो. डोळे बटबटीत, शेपूट वर उचललेली, आणि पुष्कळदा पंजाखाली हत्ती. जंजिऱ्याच्या दरवाजाशी आहे त्याने तर एकाच वेळी अनेक हत्ती दाबून धरलेत. हत्तीएवढाले प्राणी मांजराच्या पिल्लांसारखे पकडलेले पाहून मला दर वेळी हसू येतं. हा आपल्याकडचा शरभ. पुराणातला शरभ निराळा. नरसिंहाचा उग्रपणा शमवायला शिवाने घेतलेलं ते रूप, त्याला पंख आणि आठ पाय. तमिळनाडूत दारासुरमच्या ऐरावतेश्वर मंदिरात त्याची मूर्ती आहे.

बटूला दोन्ही ठाऊक होते आणि त्याला आठ पायांचाच हवा होता. मी एक करून पाहिला. १२ सेंटीमीटरच्या अंगाला आठ पाय म्हणजे करंगळीएवढ्या आठ नळ्या शिवायच्या, विणायच्या सुईने सुलट्या करायच्या आणि भरायच्या. एका बाहुलीच्या नुसत्या पायांना पाऊण तास गेला. वर तो प्राणी हुबेहूब कोळ्यासारखा दिसायला लागला. फोटो पाठवल्यावर बटूनेच माघार घेतली. ठरलं ते असं: पाय चार, किल्ल्यावरच्यासारखे; पंख दोन, पुराणातल्यासारखे.

बेतणी सोपी होती. अंगाच्या दोन बाजू, पायांसकट पोटाची एक पट्टी, दुहेरी कापडाचे चपटे पंख, कान, शेपूट. पहिला नमुना नेहमीप्रमाणे मांजरपाटाचा केला आणि साताऱ्याला पाठवला. तिकडून दोन सूचना आल्या. "मुंज आहे, तर खणाचा करा ना ताई, शोभून दिसेल." आणि, "थोडा टणक भरा, टेबलावर उभा राहायला हवा." दोन्हींना मी हो म्हटलं. खणाचा नमुना काही केला नाही. बेतणी तीच, माप तेच, मग नव्याने काय तपासायचं, असा माझा हिशेब.

अडीच मीटर खण आणला. शिकवल्याप्रमाणे कापडाचा उभा धागा प्राण्याच्या उंचीकडे ठेवून कापत गेले. एकवीस बसले. उरलेल्या पट्टीत बाकीचे नऊ उभे बसेनात, आडवे ठेवले तर बसत होते. आडवे कापले की खणाची बुट्टीही आडवी पडते, हे डोळ्यांना दिसत होतं. मन खात होतं, पण आणखी कापड आणलं असतं तर ऑर्डरमध्ये उरलं असतं काय? नऊ आडवे कापून टाकले आणि तिसांच्या गठ्ठ्यात मिसळले.

फोन

पार्सल पोचल्यावर दोन दिवसांनी फोन आला. "रागावू नका हं, पण तीन शरभांच्या गळ्यातून कापूस दिसतोय." मुंज नऊ दिवसांवर होती. नशीब असं की त्यांचे दीर दुसऱ्याच दिवशी कामानिमित्त पुण्याला येणार होते. तीनच नव्हे, सगळे तीस परत मागवले. आले तसे एकेकाच्या हनुवटीखाली अंगठा दाबून पाहिला. माझ्या हातात आणखी आठ उघडले.

पहिला संशय दोऱ्यावर. रीळ नवीन होतं, नेहमीच्या दुकानातलं नव्हतं. त्याच दोऱ्याने मांजरपाटाचे दोन तुकडे जोडले आणि दोन्ही हातांनी ओढले. कापड ताणलं, दोरा ढिम्म. मग मशीन. टेन्शन पाहिलं, बॉबिन केस काढून साफ केली, सुई बदलली. टाका अडीच मिलिमीटरचा होता, तो जरा लांब वाटला म्हणून स्वतःवर चिडून झालं.

तिसरा संशय भरण्यावर. बाजारात ज्याला रेक्रॉन म्हणतात तो फायबर मी वापरते. सावरीच्या कापसापेक्षा धुवायला बरा, आणि दाबला तरी परत फुगतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. मांजरपाटाच्या नमुन्यात १९ ग्रॅम गेला होता, या शरभांत २७. टणक भरा म्हटल्यावर मी काडीने ठासून भरला होता, आणि छातीचा सगळा दाब गळ्याच्या शिलाईवर येत होता. हे कारण पटण्यासारखं होतं, तेवढ्यावर मी थांबलेही असते. पण टणक तर तीसही होते. मग उसवले अकराच कसे?

दुसऱ्या दिवशी एक उसवलेला शरभ घेऊन कोपऱ्यावरच्या टेलरमास्तरांकडे गेले. सत्तरीचे आहेत, आता फक्त अल्टरेशन करतात. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, शरभ खिडकीशी धरला आणि दोन अंगठ्यांनी गळा हलकेच फाकवला.

"शिलाई कुठे सुटलीय? टाका शाबूत आहे तुमचा. कापड निसटलंय, ताई."

घरी येऊन भिंगातून पाहिलं. मास्तरांचं खरं होतं. टाके एका ओळीत जसेच्या तसे, एकही तुटलेला नाही. त्यांच्या शेजारी काडेपेटीतल्या काडीएवढ्या रुंदीची फट, आणि त्या फटीत नुसते आडवे धागे, शिडीच्या पायऱ्यांसारखे. उभे धागे तिथून सरकून बाजूला झाले होते. मी त्याला 'उसवणं' म्हणत होते म्हणून दोरा आणि मशीन तपासत बसले. उसवतं ते शिलाईचं. इथे शिलाई जागची हललीच नव्हती, कापड तिच्यापासून दूर गेलं होतं. साटीनचा ब्लाउज घट्ट झाला की पाठीत शिलाईशेजारी जाळी पडते, तोच हा प्रकार, असं मास्तर म्हणाले. असे डझनभर ब्लाउज मी स्वतः दुरुस्त केलेत, पण बाहुलीच्या गळ्यावर तेच घडेल हे डोक्यात आलं नव्हतं.

खाटेवर मांडलेले तीस

त्या रात्री तीसही शरभ खाटेवर मांडले. फाटलेले एका बाजूला, धड असलेले दुसऱ्या. दिव्याच्या उजेडात बघत असताना बुट्टी नजरेत भरली. फाटलेल्या अकराही शरभांच्या अंगावर बुट्टी उभी होती. आडव्या बुट्टीचा एकही फाटलेला नव्हता. म्हणजे ज्या नवांवरून माझं मन खात होतं ते नऊच्या नऊ ठणठणीत, आणि जे नियमाने कापले त्यांच्यातलेच अर्धेअधिक गेले.

हे कसं होतं ते समजायला माझ्याकडच्या खणाची वीण पाहावी लागली. काठाकडून चार धागे ओढून काढले. उभा धागा बारीक, गुळगुळीत, चमकदार: आर्ट सिल्क, म्हणजे कृत्रिम रेशीम. आडवा धागा सुती, जरा जाड, खरबरीत. आता गळा बघा. हनुवटीखालून छातीकडे येणारी ती रेघ आत वळलेली असते. अशा वळणावर मायेला (शिलाईच्या बाहेर सोडलेल्या कापडाला) काप दिले नाहीत तर सुलटं केल्यावर तिथे चुण्या पडतात, म्हणून मी पाच मिलिमीटरच्या मायेत कात्रीने सात-आठ काप दिले होते, अगदी शिलाईपाशी नेऊन. बाहुली उभी कापली की ही गळ्याची शिलाई उभ्या धाग्याला जवळजवळ समांतर पडते. म्हणजे शिलाईच्या बाहेर, मायेत, शिलाईला धरून असतात ते गुळगुळीत उभे धागेच, आणि तेही मी कापांनी ठिकठिकाणी तोडून त्यांचे आखूड तुकडे केलेले. आतून फायबर छाती फुगवतोय. निसटायला आणखी काय हवं?

आडव्या कापलेल्या नवांत गळ्याला समांतर येतो तो सुती धागा. तो खरबरीत, सहजासहजी सरकत नाही. त्यांच्या पाठीची शिलाई मात्र गुळगुळीत धाग्याला समांतर आहे, मग पाठ कशी टिकली? कारण पाठ सरळ आहे. तिथे काप नाहीत, माया सलग पाच मिलिमीटर. दोष एकट्या धाग्याचा नव्हता आणि एकट्या कापांचाही नव्हता. दोन्ही गळ्यात एकत्र आले होते. मांजरपाटाच्या नमुन्याने मला काही सांगितलं नाही ते यामुळेच. त्याचे दोन्ही धागे सुती आणि खरबरीत, तो काहीही सोसतो.

तरी खात्री करावी म्हणून उरलेल्या खणाच्या पट्ट्या कापल्या, गळ्यासारखं वळण देऊन शिवल्या, तसेच काप दिले, आणि प्रवासाच्या बॅगा तोलायच्या हुकाच्या काट्याला चिमट्याने अडकवून ओढल्या. प्रयोगशाळेचा आव मुळीच नाही. उभ्या धाग्यातली पट्टी तीन किलोच्या आसपासच फट दाखवू लागली. आडव्या धाग्यातली पाचच्या पुढे गेली. उभ्या धाग्यातलीच, पण आतून पेस्टिंग लावलेली पट्टी आठ किलोपर्यंत ओढली, तेव्हा कापड तसंच राहिलं आणि चिमटाच सुटून माझ्या बोटावर बसला. पेस्टिंग म्हणजे कॉलरला आणि ब्लाउजच्या गळ्याला आतून लावतात ते इस्त्रीने चिकटणारं कापड. त्याच्या गोंदाने उभे-आडवे धागे एकमेकांना धरून राहतात, मग सरकायला वाव उरत नाही.

दुरुस्ती

अकरा नव्याने शिवले. खणाला आधी उलट्या बाजूने सगळीकडे पातळ पेस्टिंग, मग बेतणी. माया पाचऐवजी सात मिलिमीटर. बारा सेंटीमीटरच्या प्राण्यात दोन मिलिमीटर वाढवणं म्हणजे पायांत कोंबाकोंबी, म्हणून सात फक्त गळ्यात आणि पोटाला, पायांत पाचच. टाका दीड मिलिमीटरचा. गळ्यावर पहिल्या शिलाईला अगदी खेटून आतल्या बाजूने दुसरी. काप चारच, शिलाईपासून दोन मिलिमीटर अलीकडे थांबवलेले, आणि मायेच्या दोन थरांत एकमेकांसमोर न येतील असे. फायबर २२ ग्रॅम. तो ठासायचा नाही, बोटांनी पिंजून आधी पायांत, मग डोक्यात आणि शेवटी छातीत. पाय घट्ट भरले की प्राणी उभा राहतो. छाती दगडासारखी करायची गरज नसते, हेही मला या अकरांनीच शिकवलं.

उभ्या धाग्यातले जे दहा अजून फाटले नव्हते त्यांना आतून पेस्टिंग लावणं आता शक्य नव्हतं. ते तसेच देणं म्हणजे मुंजीच्या मांडवात फाटायला पाठवणं. त्यांना तांबड्या सुती कापडाची आयाळ केली: कानामागून निघून गळ्याखाली मिळणारी दुहेरी पट्टी, दोन्ही कडांनी हाताने काजटाका, आणि टाका गळ्याच्या शिलाईपासून सेंटीमीटरभर लांब, जिथे धड कापड आहे तिथे. ओढ आता पट्टीवर जाते, शिलाईवर येत नाही. ही नुसती डागडुजी होती. पण आयाळवाले इतके रुबाबदार दिसायला लागले की तिसांना एकसारखेपणा हवा म्हणून बाकीच्या वीसांनाही आयाळ केली. चार दिवस जेवण बाहेरून आलं, एवढंच सांगते.

आयाळीला खाली घुंगरू लावा, असं साताऱ्याहून सुचवण्यात आलं. इथे मात्र मी नाही म्हटलं. शरभ तपासताना एकाचा डोळा माझ्या नखाला लागून निघाला होता. चार मिलिमीटरचा काळा काचमणी, एकाच दोऱ्याने ओवलेला. मुंजीत मुलं सगळ्या वयांची असणार, रांगणारीही. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातून सुटणारा तुकडा किती लहान असू नये हे तपासायला एक नळकांडं वापरतात, ३१.७ मिलिमीटर व्यासाचं. त्यात जो तुकडा न दाबता पूर्ण मावतो तो धोक्याचा. माझा मणी त्यात मुठीने मावला असता. साठच्या साठ मणी कापून काढले आणि डोळे काळ्या दोऱ्याच्या गाठीच्या टाक्याने भरले, भोवती पिवळा भरीव टाका. बटबटीत डोळे असेच जास्त जमतात, उगीच मण्यांमागे लागले होते.

याच निमित्ताने कायद्याचंही वाचलं. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. 'मी शोपीस विकते' असं म्हणून मी ते अंगाबाहेर टाकत आले होते. मुंजीत मुलांच्या हातात देण्यासाठी तीस नग शिवल्यावर ते शोपीस कसे राहतात? कारागीर कार्डाचा अर्ज त्याच महिन्यात भरला.

पैशाचं थोडक्यात. नगाला २२० रुपये ठरले होते, म्हणजे ६,६०० रुपये. नवीन खण, पेस्टिंग आणि दोरे मिळून नऊशेच्या आसपास वर गेले. बटूच्या आई त्यातले अर्धे द्यायला तयार होत्या, मी घेतले नाहीत. खणाचा नमुना न करण्याचा निर्णय माझा होता. मुंजीच्या दोन दिवस आधी तीस शरभ साताऱ्याच्या एसटीत बसले, आणि बटूसाठी पिशवीत वेगळा बांधलेला आठ पायांचा कोळीही.

गणपतीनंतरचा फोटो

गणपतीनंतर त्यांनी एका शरभाचा फोटो पाठवला. त्यांच्या पुतणीने तो वॉशिंग मशीनमध्ये टाकला होता. गळा शाबूत, डोळे शाबूत, पण कुशीवर खणाला पापडासारखे फुगे आलेले. नव्याने शिवलेल्या अकरांपैकीच तो असणार, कारण फुगे पेस्टिंग सुटल्याचे होते. आर्ट सिल्क जळेल या भीतीने मी इस्त्री कमी तापवली होती, आणि शर्टावर फिरवतात तशी भराभर फिरवली होती. पेस्टिंगला इस्त्री फिरवायची नसते. ठेवायची, दाबायची, उचलायची, पुढे ठेवायची.

आता खणावर ओलसर मलमल टाकून प्रत्येक जागी दहा-बारा सेकंद दाबते आणि कापड पूर्ण गार होईपर्यंत हलवत नाही. असा एक तुकडा तीनदा मशीनमध्ये धुऊन पाहिला, फुगे नाहीत. सध्या ऑर्डर मकराची आहे, आणि त्याची सोंड गळ्यापेक्षाही जास्त वळते. या वेळी खणाचाच नमुना केला. दोरीवर वाळतोय.